पहाटेची निरीक्षणं

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी शेजारच्या खोलीत खुर्ची मागे सरकली. फार नाही, वीतभर. सुरुची उठते तेव्हा ती खुर्ची तिरकी सरकते आणि पाठोपाठ चपलांचा आवाज येतो. हा आवाज तसा नव्हता. चाकं सरळ मागे गेली आणि नंतर काहीच झालं नाही. मी पलंगावर पडलो होतो, छातीवर पुस्तक पालथं. गेल्या तीन आठवड्यांत हा आवाज मी अकरा वेळा ऐकला होता आणि त्याचा अर्थ मला ठाऊक होता. कॉम्प्युटरचा पडदा निळा होऊन यंत्र बंद पडलं, सकाळपासून होत आलेलं चित्र गेलं, आणि माझी सून हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसली आहे. ती बघत बसते हे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. आमच्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत एक दार आहे, ते उघडंच असतं, त्यावर फिका हिरवा कापडी पडदा आहे, आणि आठ वर्षांत सुरुची आत असताना मी तो कधी बाजूला केलेला नाही. पडद्याशी जाऊन खाकरायचं, दोन पावलं मागे यायचं, ती बाहेर आली की बोलायचं, अशी रीत पडली आहे. कुणी घालून दिलेली नाही. माझ्या वडिलांचीही अशीच होती; पण त्यांच्या घरात बायका बारा होत्या आणि खोल्या तीन, त्यांना तसं वागणं भागच होतं. इथे परप्रांतात, लेक गार्डन्सच्या ह्या फ्लॅटमध्ये आता दोनच माणसं राहतात. तरी त्या बुधवारी खुर्ची सरकल्यावर मी खाकरलोसुद्धा नाही. पुस्तक उचललं आणि तीच ओळ तिसऱ्यांदा वाचली. खालच्या रुळांवरून बजबजची लोकल गेली आणि खिडकीचं तावदान थरथरलं.

सुरुची न बांधलेल्या इमारतींची चित्रं करते. पुण्याच्या एका कंपनीचं काम आहे, ते ती इथे बसून करते. ह्या खेपेचं चित्र एकच होतं पण प्रचंड, रस्त्याच्या कडेच्या होर्डिंगसाठी: बावीस मजली तीन इमारती, संध्याकाळची वेळ, खिडक्यांत दिवे. तिच्या हातचं काम झालं होतं. त्यावरून पूर्ण चित्र रंगवायचं काम यंत्राचं, आणि ते एकेक लहान चौकोन भरत, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून खालपर्यंत येतं. त्याला नऊ-दहा तास लागतात, आणि त्याच खोलीत झोपायचं असतं म्हणून ती ते रात्री न लावता सकाळी लावते. मध्ये यंत्र पडलं तर पुन्हा पहिला चौकोन. दोन कामं आधीच उशिरा गेली होती. सोमवारी जेवताना आमटी वाढता वाढता तिनं सांगितलं की कंपनीनं कळवलंय, शुक्रवारी संध्याकाळी सहा म्हणजे सहा. नाहीतर घरून काम बंद, एक तारखेपासून पुण्याला ऑफिसात येऊन बसायचं. मी 'हं' म्हटलं. 'मग तू काय ठरवलंस' हा प्रश्न घशापर्यंत आला आणि भाताबरोबर खाली गेला. तिनंही आणखी काही सांगितलं नाही, फक्त माझ्या पानात दुसऱ्यांदा आमटी वाढली, मी मागितली नसताना.

माझा मुलगा सलील दोन वर्षांपूर्वी बंगळूरला नोकरीसाठी गेला. आधी तीन महिन्यांसाठी म्हणाला होता. पहिल्या दिवाळीला तो आला, दुसऱ्या दिवाळीला कुरियर आलं. सुरुची इथेच राहिली. तिचे आईवडील नाशिकला आहेत, चांगली माणसं आहेत, दर महिन्याला फोन करून माझी तब्येत विचारतात आणि तिची विचारत नाहीत. ती का राहिली हे मी विचारलेलं नाही. इथे तिला कुणी काही विचारत नाही म्हणून राहिली असेल, असं मला अधूनमधून वाटतं, म्हणजे माझा भिडस्तपणा एकदा तरी कुणाच्या उपयोगी पडला असेल. मग वाटतं ही म्हातारपणी स्वतःची घातलेली समजूत. पाडव्याला इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात शोभावहिनींनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "दिगंबरराव, सूनबाई अजून तुमच्याकडेच? नशीब काढलंत. आमच्या दोघी नवरा घरात असून घरात नसतात." लोक हसले, मीही हसलो, आणि श्रीखंडाची वाटी उगाचच चमच्यानं खरवडत बसलो. घरी येताना सुरुचीनं टॅक्सीत विचारलं, काय म्हणत होत्या? मी सांगितलं, श्रीखंडाबद्दल. ती म्हणाली, श्रीखंड आंबट होतं. तेवढ्यावर संपलं. पण त्या दिवसापासून मला कळून चुकलं होतं की ती गेली तर काय होईल ह्याचा मी रोज थोडा थोडा विचार करतो आहे. सकाळी ती माझ्या चहात साखर घालत नाही, फक्त साखरेचाच चमचा न पुसता त्यानं ढवळते. डॉक्टरनं साखर बंद केल्यापासून. हे असलं काही ती गेली तर कुणाला सांगता येणार नाही.

यंत्र सलीलनं स्वतः जोडलेलं आहे. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तो आणि सुरुची मेट्रोनं चांदणीच्या बाजारात जाऊन एकेक भाग घेऊन यायची, आणि आतल्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून दोघं वाकून बसायची. तेव्हा माझी बायको कालिंदी होती. ती कंबरेवर हात ठेवून दारातून बघायची आणि मग सरळ आत जाऊन पलंगावर बसायची. मला हाक मारायची, "अहो, या ना आत, बघा तरी काय मांडलंय दोघांनी." मी पडद्यापर्यंत जायचो. आतून हसण्याचे आवाज यायचे. कारखान्यानं नेमून दिलेल्या वेगापेक्षा ते जास्त वेगानं चालावं म्हणून सलीलनं त्याचा मूळ ठोका वाढवून ठेवला (ह्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात), आणि तो ते मोठ्यानं सांगत होता, बहुधा मला ऐकू यावं म्हणून. तेव्हा काही कळलं नाही. आता, शहात्तराव्या वर्षी, दोनशे पानी वही आणि इंटरनेटवरून छापून आणलेल्या कागदांची चळत घेऊन बसल्यावर थोडं कळतं. प्रोसेसर मूळ ठोक्याच्या पटीत चालतो. मेमरीही त्याच ठोक्यावर चालते, पण तिचा ठोका एका गुणोत्तरानं काढलेला असतो. त्याला डिव्हायडर म्हणतात, मी वहीत भाजक लिहितो. ह्या यंत्रात दोन भाजक आहेत, एकास एक आणि तीनास चार. सलीलनं तीनास चार ठेवला होता: मूळ ठोके तीन पडेपर्यंत मेमरीचे चार. आठ वर्षं चाललं. ह्या वैशाखात पडायला लागलं. एवढं सगळं सलीलला फोनवर पाच मिनिटांत विचारता आलं असतं. रविवारी त्याचा फोन येतो, दहा मिनिटं. पण पहिल्याच आठवड्यात सुरुची म्हणाली होती, "त्याला नको विचारायला, बाबा. आपण बघू." त्या 'आपण'वर मी कितीतरी दिवस चालत राहिलो.

मी नोकरीत असताना नकाशा खात्यात होतो. शेवटची वीस वर्षं टेबलावरच गेली, पण सुरुवातीला सात हंगाम जमिनीच्या उंच्या मोजण्यात काढले, छोटा नागपूरच्या बाजूला. दुर्बीण तिवईवर, समोर माणूस आकड्यांची पट्टी उभी धरून. त्या कामाचा पहिला धडा हा की निरीक्षण पहाटे घ्यायचं. ऊन चढलं की जमिनीवरची हवा तापते आणि दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे नाचायला लागतात. चार आहे की सात, सांगता येत नाही. दुपारचं निरीक्षण वहीत घ्यायचंच नाही. आमचे साहेब म्हणत, दुपारी जमीन खोटं बोलते. हे हाडात मुरलेलं आहे. म्हणून यंत्राची मेमरी तपासणारा प्रोग्राम मिळाल्यावर ती तपासणी पहाटे करायची हे ठरवावंसुद्धा लागलं नाही. सुरुची सहाला लेकवर, म्हणजे जवळच्या तळ्यावर, फिरायला जाते, सव्वासातला येते. ती जिना उतरली की मी पडदा बाजूला करून आत जायचो, खुर्चीच्या कडेवर बसायचो (पूर्ण टेकून बसणं बरं वाटत नसे, तिची शाल पाठीवर टाकलेली असे), प्रोग्राम सुरू करायचो आणि वहीत लिहायचो. वेळ सहा पाच ते सात दहा. भाजक तीनास चार. चुका शून्य. मग खुर्ची होती तशी ठेवून बाहेर. ती परत आली की चहा घेताना सांगायचो, आज शून्य. ती म्हणायची, अरे वा. आणि दुपारी तीनच्या सुमाराला खुर्ची सरकायची. वहीत अशा बारा ओळी झाल्या होत्या, एकाखाली एक, बारा शून्यं, आणि ती पाहून मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटत असे. दोष माझ्या मोजणीत नाही, कुठेतरी दुसरीकडे आहे.

मध्ये एकदा चांदणीला जाऊन आलो. सलीलनं ज्याच्याकडून मेमरी घेतली होती त्या ऋषभचं दुकान अजून तिथेच आहे, कपाटाएवढं; तो मात्र चाळिशीचा झाला आहे आणि चष्मा लावतो. वही उघडून मी त्याला आकडे दाखवायला लागलो तर तो म्हणाला, "अंकलजी, इस उमर में ओवरक्लॉकिंग? डॉक्टर से पूछ लिया?" शेजारच्या दोन्ही गाळ्यांतली माणसं हसली. मीही. मग त्यानं वही हातात घेतली आणि तो हसायचा थांबला. इतकी नीट वही त्यानं पाहिली नव्हती, म्हणाला. तपासायला म्हणून मेमरीचा दुसरा जोड दिला, तोही तसाच पडला हे पुढे कळलं. त्या दिवशी तो म्हणाला की माल चांगला आहे, बोर्डही चांगला आहे, कधी कधी दोन्ही चांगले असतात आणि मधला हिशेब बसत नाही. हे ऐकताना मला जे आठवायचं तेच आठवलं, आतल्या खोलीतली ती पसरलेली वर्तमानपत्रं, आणि इतक्या स्वस्त उपमेची मला लाज वाटली. माणसं म्हणजे काही गुणोत्तरं नव्हेत. ऋषभनं मग विचारलं, "गिरता किस टाइम है?" मी सांगितलं, दुपारी. तो म्हणाला, तब तो अंकल, आणि पुढे काही सांगणार होता, तेवढ्यात एक बाई प्रिंटरची शाई मागायला आली. तो तिच्याकडे वळला. मला वाटलं, आपण किती वेळ त्याचं दुकान अडवायचं? मी नमस्कार केला आणि निघालो. मेट्रोत बसल्यावर आठवलं की त्याचं वाक्य अर्धं राहिलं होतं. परत जावं असं वाटलं. गेलो नाही.

बुधवारी संध्याकाळी सुरुची नेहमीसारखी बाहेर आली, तोंड धुतलेलं, आणि तिनं दोडकी चिरायला घेतली. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. दोडक्याच्या शिरा काढताना तिचा अंगठा दोनदा घसरला. मला सलील गेला तो दिवस आठवत राहिला, आणि तो आठवला की मी नेहमी त्याच जागी येऊन अडकतो. तोही वैशाखच होता. दुपारची वेळ, मी असाच पलंगावर, छातीवर पुस्तक. भिंतीपलीकडे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मग सुरुचीचा आवाज, अगदी साधा, भाजी काय करू विचारावं तसा: "बाबांना तू सांगणार आहेस की मी?" मग खुर्ची सरकली, तीच, सरळ मागे. मग पडदा बाजूला झाल्याची चाहूल आणि मी डोळे मिटले. तो माझ्या पलंगाशी येऊन उभा राहिला. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. लहानपणापासून त्याला सर्दीचा त्रास आहे. तो बराच वेळ उभा होता, इतका की मी डोळे उघडले असते तर त्याला काही तरी बोलावं लागलं असतं. मग हळूच म्हणाला, झोपलेत, आणि गेला. स्टेशनवरून फोन केला, तीन महिन्यांसाठी जातोय. मी म्हटलं, बरं, सांभाळून. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी घरभर फिरलो. चहाचं भांडं जागेवर होतं, पेपर आला होता, सुरुची लेकवरून येऊन चपला काढत होती. सगळं ठीक दिसत होतं. त्यानंतर दर रविवारी सलील विचारतो घरी कसं आहे आणि मी सांगतो, ठीक.

गुरुवारी दुपारी अडीचला पडदा तिच्या बाजूनं बाजूला झाला आणि सुरुची माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. मी उठून बसलो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दुपारी झोपता का?"

मी म्हटलं, नाही, पडतो नुसता.

"मग एक विचारू? तुम्ही दुपारी का नाही कधी तपासलंत?"

मी तिला पट्टी आणि दुर्बीण समजावून सांगू लागलो. तापलेली हवा, नाचणारे आकडे, साहेबांचं ते वाक्य. तिनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा मान हलवली. बोलता बोलता माझा आवाज बारीक होत गेला, कारण ती पुढे काय म्हणणार हे मला अर्ध्यातच कळलं होतं आणि तिलाही ते कळल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती म्हणाली, "पण ते दुपारीच पडतं ना, बाबा."

मी म्हणालो, तू कामात असतेस तेव्हा.

"नसते मी कामात. यंत्र चालू असतं. मी नुसती बसलेली असते." मग म्हणाली, "मला वाटलं तुमचं काहीतरी कारण असेल. वही इतकी नीट लिहीत होतात. मग विचारवेना."

असं म्हणून तिनं पडदा एका हातानं धरून ठेवला, म्हणजे मी आत यावं. तीन पावलं होती. दुपारची ती खोली मी कधी पाहिली नव्हती. पहाटे तिथे करडा उजेड असतो आणि गार वाटतं. आता पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा एक लांब पट्टा आत आला होता आणि नेमका टेबलाखालच्या त्या काळ्या पेटीवर, तिच्या कुशीवर पडला होता. मी हात लावला आणि मागे घेतला. हवेत तापलेल्या धुळीचा वास होता. खुर्चीशेजारी सुरुचीनं माझ्यासाठी स्टूल आधीच आणून ठेवलं होतं. किती दुपारी ते तिथे ठेवलेलं असेल, की आजच? विचारलं नाही. तपासणी सुरू केली. अकराव्या मिनिटाला पहिली लाल ओळ आली, मग तीन, मग पडदा भरून. बारा पहाटांत न दिसलेल्या चुका, आणि किती सहज, जणू कुणी येऊन बघण्याचीच वाट पाहत होत्या. एसी लावला, तो लावला की दिवे मंद होतात म्हणून ती यंत्र चालू असताना लावत नाही. एसीवर चाळीस मिनिटं गेली आणि एकच चूक आली, पण आली. मग भाजक एकास एक केला. त्याबरोबर सलीलनं वाढवलेला मूळ ठोकाही खाली आणावा लागला. पाच वाजेपर्यंत, एसीशिवाय, त्या उन्हात, शून्य. मेमरीत दोष नव्हता, प्रोसेसरमध्ये नव्हता. ऊन चढलं की तेवढं तीनास चार टिकत नव्हतं. सुरुची म्हणाली, "म्हणजे सापडलं." आणि ती हसली, फिरायला जाताना खालच्या कुत्र्याला बघून हसते तशी, पूर्ण. त्या हसण्याला मी पात्र नव्हतो. तीन आठवड्यांपूर्वी हे तीन तासांत झालं असतं. मी तीन पावलं चाललो असतो तर.

रात्रभर यंत्र चालवून चित्र शुक्रवारी सकाळी हातात आलं असतं, पण गुरुवारी संध्याकाळीच पुण्याहून निरोप आला की गिऱ्हाईक काही बदल सांगणार आहे, सकाळपर्यंत थांबा. बदल साडेसातला आले: मधल्या इमारतीच्या गच्चीवर झाडं. सुरुचीनं झाडं लावली. पावणेआठला ती पडद्याशी आली आणि म्हणाली, बाबा, येता का. मी खाकरलो नाही, सरळ गेलो, आणि स्टुलावर बसलो. तिनं हिशेब केलेला होता. तीनास चारवर साडेनऊ तास, म्हणजे आठला सुरू केलं तर साडेपाचला चित्र तयार, अर्धा तास हातात. एकास एकवर बारा तास. आठ वाजतील, सहाची वेळ हुकणार. कंपनीच्या मोठ्या यंत्रांवर जागा मिळते का तिनं सकाळीच विचारलं होतं, नाही म्हणाले. चित्र लहान करून चालत नव्हतं. एसी अठरावर, खिडकीला चादर, आणि तीनास चार: कदाचित निभावेल, कदाचित तीन वाजता पडेल.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "कुठलं ठेवू?"

माझ्याकडे कुणी असा प्रश्न फारसा आणत नाही. खात्यात होतो तेव्हाही शेवटची सही दुसऱ्याची असे. घरात कालिंदी ठरवायची आणि मला सांगायची की तुम्ही ठरवलंत. सुरुचीचा हात कीबोर्डवर होता आणि ती यंत्राच्या पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. चाळीस मिनिटांत एक चूक. साडेनऊ तासांत किती? पण चादर लावली तर? सकाळी खोली गार असते, पहिले सहा तास तर जातील. उरलेल्या साडेतीन तासांचाच प्रश्न होता. तरुण माणसानं काय सांगितलं असतं ते मला कळत होतं. सलीलनं काय सांगितलं असतं तेही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि ह्या वेळी मी भिंतीपलीकडे नव्हतो. खुर्ची माझ्यादेखत सरकणार होती, माझ्या शब्दावर. ते मला बघवणार नव्हतं. मी वहीकडे बघून म्हणालो, "खात्रीचं ठेव."

"नक्की?"

"पडलं तर पहिल्यापासून करावं लागेल."

"आणि नाही पडलं तर साडेपाचला होईल." मी वहीतून मान वर केली नाही. "बरं," ती म्हणाली, आणि तिनं एकास एक ठेवून यंत्र सुरू केलं. आठ वाजले होते.

तो सगळा दिवस मी त्या खोलीत होतो. वरच्या डाव्या कोपऱ्यात आकाशाचा एक चौकोन उजळला, मग त्याच्या शेजारी दुसरा. मधल्या इमारतीच्या गच्चीवरची सकाळी लावलेली झाडं दहाच्या सुमाराला आली. सुरुचीनं मला जेवण तिथेच आणून दिलं. तिनं तिचं कपाट उघडून आवरायला घेतलं, मग मी आहे हे लक्षात येऊन बंद केलं. आम्ही फारसं बोललो नाही, पण न बोलणं भिंतीच्या दोन बाजूंनी असतं तसं नव्हतं. तिनं सांगितलं की ह्या खिडक्यांतल्या दिव्यांसाठी ती समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्यांकडे बघून रंग ठरवते. सगळे पिवळे केले तर खोटे वाटतात. समोरच्या चौथ्या मजल्यावरचा निळसर दिवा तिनं चित्रात घेतला होता, विसाव्या मजल्यावर. मी तो शोधून काढला. तीन वाजले. उन्हाचा पट्टा पेटीच्या कुशीवर येऊन बसला होता. तीन दहाला आम्ही दोघांनीही काही न बोलता घड्याळाकडे पाहिलं. बजबजची गाडी गेली, तावदान थरथरलं, आणि पडद्यावर बाराव्या मजल्याच्या एका खिडकीत दिवा लागला. खुर्ची सरकली नाही.

सहाला त्र्याऐंशी टक्के झालं होतं. सहा वाजून दोन मिनिटांनी तिचा फोन वाजला. ती गॅलरीत गेली, पण दार उघडं होतं. तिनं समजावून सांगायचा प्रयत्न केला, दोनच तास. मग तिकडून काहीतरी बोलणं झालं, बराच वेळ. मग ती म्हणाली, हो सर, एक तारखेला. नाही, अडचण काही नाही. सासरे आहेत, पण ते ठीक आहेत.

आत येऊन ती खुर्चीवर बसली. फोन टेबलावर पालथा ठेवला. मला काहीतरी म्हणायचं होतं. एक तारखेला अजून सतरा दिवस होते, किंवा पुण्याला हवा चांगली आहे, किंवा, निदान ह्या वेळी, जाऊ नकोस. दोन शब्दांचं वाक्य. ते माझ्या तोंडात तयार होतं आणि ते बोलायचा हक्क मला कुठून आला हे मी शोधत राहिलो, आणि शोधता शोधता त्याची वेळ गेली.

"मला वाटलं होतं," ती यंत्राच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही तीनास चार म्हणाल."

मी विचारलं, का?

"असंच," ती म्हणाली. मग उठून चहा टाकायला गेली.

मी बसून राहिलो. चौकोन भरत होते. तळमजल्यावरची दुकानं आली, मग फुटपाथ, मग फुटपाथवरून जाणारी काही माणसं, पाठमोरी, कुणाचीच नसलेली. आतून चमच्यानं चहा ढवळल्याचा आवाज आला, आणि मी कान देऊन ऐकत राहिलो, तो साखरेचाच चमचा आहे का. आठ वाजून चार मिनिटांनी शेवटचा चौकोन भरला. कुठे एक ठिपका चुकला नव्हता. मी वही उघडली, नव्या ओळीवर तारीख घातली, सकाळी आठ ते रात्री आठ चार असं लिहिलं, भाजकाच्या रकान्यात एकास एक लिहिलं, आणि चुकांच्या रकान्यात शून्य.